मदत हवी: थर्टी-ओ-सिक्स रायफलची गोळी खाऊन डुक्कर पळालं, .३१५ रायफलने वीस पावलांत बसलं, असं का?

नमस्कार मंडळी, रावेर तालुक्यातला केळीवाला आहे. पिलबागेत (आधीच्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या केळीत) रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, कोवळं खोड फाडून गाभा खातात, झाड उभं दिसतं पण हात लावला की आडवं. वनखात्याची लेखी परवानगी आहे, लायसन चालू आहेत, तेव्हा त्यावरून धागा भरकटवू नका भो.

तर आमच्याकडे आजोबांच्या वेळची .३१५ आहे, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची, २४४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) ची सॉफ्ट नोज गोळी, म्हणजे टोकाला शिसं उघडं, वेग सेकंदाला जेमतेम २००० फूट. शेजारच्या आप्पांकडे थर्टी-ओ-सिक्स, गोळी १५० ग्रेन, वेग २७०० च्या आसपास, पण फुल जॅकेट, म्हणजे शिशावर धातूचं कवच, टोकाला शिसं दिसतच नाही. आप्पांनी पहाटे सत्तर पावलांवरून खांद्यामागे बरोबर मारली, डुकराने नुसता झटका घेतला आणि नाल्यात उतरलं. रक्त थेंब थेंब मक्यापर्यंत, पुढे तेही बंद. दुपारी दोनला सापडलं तेव्हा बघितलं, गोळी शिरल्याचं भोक करंगळी जाणार नाही एवढं आणि निघाल्याचंही तेवढंच. पुढच्या आठवड्यात आमच्या .३१५ ने तेवढ्याच अंतरावर वीस पावलांत बसलं, बाहेरचं भोक दोन रुपयाच्या नाण्याहून मोठं.

आता पारावर निकाल लागलाय की थर्टी-ओ-सिक्स बोगस. मला पटत नाही, कागदावर तिचीच ताकद जास्त आहे. वरणगावला काडतुसांची फॅक्टरी आमच्या उशाशी, पण हे समजावून सांगणारा एक माणूस भेटेल तर शपथ. दोष बोअरचा (नळीच्या मापाचा) की गोळीचा? आणि मोठ्या नराच्या खांद्यावरची जाड ढाल (कातडीखालचा टणक थर) सॉफ्ट नोज फोडते का?

उत्तर (धुळ्याहून):
दादा, रायफलीला बोल लावू नका, दोष गोळीचा. फुल जॅकेट उघडत नाही, सुईसारखी आरपार जाते, उरलेली ताकद पलीकडच्या बांधात. तुमच्याकडे रात्रीच्या लाईटवर पाणी भरणारी माणसं शेतात असतात, आरपार गेलेली गोळी कुठे थांबेल याचा भरवसा नाही, म्हणून आधी ती काडतुसं बंद करा. सॉफ्ट नोजचं उघडं शिसं आत गेल्यावर छत्रीसारखं फुलतं, जखम रुंद होते. पण पातळ जॅकेटची हलकी गोळी जवळून फार वेगात हाडावर बसली तर वरच फुटते, आत जातच नाही. अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लरची .३०० मॅग्नम या वेगवान रायफलची गोळी चिखलाने माखलेल्या मूसवर (मोठ्या हरणावर) अशीच फुटली, त्यावरून त्याने मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी काढली आणि १९४८ पासून विकली. तुमचं डुक्कर तरी वेगळं काय, तेही चिखलात लोळूनच येतं. तुमची .३१५ जड आणि संथ, म्हणून तिची साधी सॉफ्ट नोज टिकते. थर्टी-ओ-सिक्सला १८० ग्रेनची सॉफ्ट नोज घ्या, शिसं जॅकेटला चिकटवलेली बॉन्डेड मिळाली तर उत्तमच, ढालीची काळजी मिटली.

धागाकर्ता:
आप्पांना वाचून दाखवलं, म्हणे मी आधीच सांगत होतो (कधी??). १८० ग्रेन घेतल्यावर दुर्बिणीचं झिरो (नेम जुळवणं) परत करावं लागेल का?

उत्तर:
लागेलच, १५० ग्रेनपेक्षा मार वेगळ्या जागी पडतो. रेंजवर कागदावर तीन-चार मारून बघा, मगच पिलबागेत जा.