बागेतलं तण आणि फुलं ताटात: शहाणपण की नसती हौस?

हिरवळकर
कुंडीत न पेरलेलं काहीही उगवलं की उपटून फेकायचं, हे मला पटत नाही. घोळीची भाजी घ्या. ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल तिच्यात जेवढं असतं तेवढं पालेभाज्यांत क्वचितच मिळतं. अंबुशी आंबट-चविष्ट, तांदुळजा तर पाहुण्यासारखा आपणहून येतो. फुलांचंही तेच. नॅस्टर्शियमची पाकळी मोहरीसारखी झणका देते. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकून वर लिंबू पिळा, निळंशार पाणी बघता बघता जांभळं होतं. हे सगळं नुसतं बघण्यापुरतं का ठेवायचं? बाग असेल त्याने हे खायला शिकलंच पाहिजे. मतं येऊ द्या.

चिकित्सक
असहमत, विशेषतः त्या 'शिकलंच पाहिजे'शी. शोभेसाठी आपण लावतो त्यांत कण्हेर आहे, बिट्टी आहे, कळलावीही आहे. कण्हेर आणि बिट्टी हृदयाचे ठोके बिघडवतात. कण्हेर उकळा नाहीतर वाळवा, विष राहतंच. कळलावीत कोल्चिसिन हे विष असतं. धोतरा न लावताच उगवतो, त्यात अ‍ॅट्रोपिन, तेही विषच. मोठ्यांचं एक वेळ सोडा. घरातलं लहान मूल तुम्हाला जास्वंद खाताना बघणार आणि उद्या कण्हेरीचं फूल तोंडात घालणार. त्याला कुठलं कळतंय कुठलं फूल चालतं ते!

हिरवळकर
मग त्या मुलाला कण्हेर ओळखायला शिकवा की! जो ओळखतो तोच लांब राहतो. ओळख म्हणजे काही ब्रह्मविद्या नाही. घोळीसारखंच जमिनीलगत पसरणारं दुधी नावाचं (भोपळा नव्हे) तण असतं. देठ मोडा, पांढरा चीक आला की टाकून द्या. घोळीचं देठ मांसल, लालसर. मोडलं तर नुसतं पाणी सुटतं, आणि पान बोटांत धरलं की जाड लागतं.

कुंडीवाला
तुम्ही दोघं झाडाच्या जातीवरून भांडताय. माझी भीती वेगळी आहे. खाण्याच्या पिकावर औषध मारलं तर काढणीआधी किती दिवस थांबायचं हे ठरलेलं असतं. शोभेच्या रोपाच्या बाबतीत तसा विचार होत नाही, कारण ते कुणी खाईल असं धरलेलंच नसतं. त्यात इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध असेल तर ते मुळांतून चढून परागात आणि मधुरसातसुद्धा उतरतं. नळाखाली कितीही धुवा, जाणार नाही. म्हणून नर्सरीतून आणलेल्या फुलझाडाचं फूल तोंडात घालू नये. खायचंच असेल तर बी पेरून स्वतः वाढवा. रस्त्याकडेची माती आणून कुंडी भरली असेल तर तेही विसरा, शिसं असू शकतं.

मनीमाऊ
+१. शिवाय मांजरं. मोकळ्या कुंडीत काय करून जातात ते सांगायला नको.

खडेबाज
धागाकर्त्यांनी घोळ, अंबुशी, तांदुळजा अशी नेमकी ऑक्झॅलेटवाली (मूतखडा ज्यापासून बनतो तो क्षार) मंडळी गोळा केली आहेत. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नादी लागू नये. बाकीच्यांनी उकळून पाणी फेकावं, बरंचसं ऑक्झॅलेट त्यात निघून जातं. दह्यासोबत खाल्लं तर दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला पकडतं, त्यामुळे मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचतं. हे सगळं करूनही वाटीभर पुरे. तण फुकट मिळतं म्हणून रोज पातेलंभर नको.

हिरवळकर
ऑक्झॅलेट पालकातही भरपूर असतं. पालकावर असा धागा निघाल्याचं आठवत नाही!

चिकित्सक
कारण पालकाच्या जुडीत काय आहे याची आपल्याला खात्री असते. तण कोवळं असताना, म्हणजे खायच्या वयात, ओळखायला सर्वात अवघड असतं. फूल नाही, बी नाही, चार पानांवर निकाल द्यायचा. मोबाईलचं अ‍ॅप नाव सुचवतं, हमी देत नाही.

सुगरणबाई
रच्याकने (जाता जाता), सदाफुलीची पानं रोज चावली तर साखर कमी होते म्हणतात. कुणाला अनुभव?

खडेबाज
कृपया नको. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं मिळतात. पेशींची वाढ थांबवणारी औषधं आहेत ही. मोजूनमापून, तपासण्या करत देतात. पान चावून किती पोटात गेलं ते कुणी मोजायचं?

हिरवळकर
इथे मी चिकित्सकांच्या बाजूने. औषध म्हणून खाणं हा विषयच वेगळा, मी भाजीबद्दल बोलतोय. फुलं खायच्या मतावर ठाम आहे.

सुगरणबाई
बरं, मग जास्वंद खाताना मधला दांडा काढायचा का?

कुंडीवाला
काढा. पराग त्यावरच असतात. दमा किंवा परागांची अ‍ॅलर्जी असेल तर जास्वंदच सोडा. गुलाबाच्या पाकळीचं बुडाचं पांढरं टोक नखाने खुडून टाका, कडू तेवढंच असतं.