ग्रीन कार्डाआधीही काम करता येतं

सावत्र मुलाला अमेरिकेत काम करता येईल का, या तुमच्या प्रश्नावर वर कुणीतरी लिहिलंय की ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुमच्या बायकोच्या १६ वर्षांच्या मुलाला काम करता येणार नाही. तसं नाहीये. एच-४ वर (आईच्या एच-१बी व्हिसावर मुलांना मिळतो तो व्हिसा) चालत नाही हे खरं, पण त्याचा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) दाखल असेल तर आय-७६५ (कामाच्या परवान्याचा अर्ज) भरा, कॅटेगरी सी-९. सोशल सिक्युरिटी नंबरही त्याच फॉर्मवर मागता येतो. कामाच्या परवान्याचं कार्ड आल्याशिवाय मात्र एक दिवसही कामावर पाठवू नका.

भले भले गडबडतात ते दुसरीकडेच. तुम्ही अमेरिकन नागरिक, त्यामुळे बायकोच्या अर्जात मुलगा आपोआप येत नाही, त्याचा आय-१३० (नातेवाईकासाठी नागरिकाने भरायचा अर्ज) वेगळा लागतो. लग्न तो १८ चा व्हायच्या आत झालंय, म्हणजे सावत्र नातं ग्राह्य. दत्तकाची भानगड नको.

कॅलिफोर्नियात शाळेचं वर्क परमिटही लागतं, काउन्सेलरला विचारा.

मुलगा घरात रुळण्याचं म्हणाल, तर तुम्हाला 'काका' म्हणतोय ना, म्हणू दे. आमची लेक (तीही सावत्रच) पहिला पगार रुपयांत मोजत बसली आणि टॅक्स कापलेला बघून मॅनेजरशी भांडायला निघाली होती. पे-स्टब (पगाराची पावती) आधीच समजावून ठेवा!