तारा ओढून काढण्यातला धोका
‘हृदयाला जोडलेल्या तात्पुरत्या पेसिंगच्या (विजेच्या सौम्य स्पंदांनी ठोके नियमित ठेवण्याच्या) तारा चार-पाच दिवसांनी सहज ओढून काढता येतात, मग विरघळणाऱ्या यंत्राचा खटाटोप कशाला,’ असा मुद्दा मांडला जातो, तो मला पटत नाही. धोका नेमका त्या ओढण्यात आहे. २०१२ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांना बायपासनंतर अशा तारा काढल्यावर अंतर्गत रक्तस्राव झाला आणि पुढे त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२५ मध्ये मांडलेला, तांदळाच्या दाण्याहूनही लहान पेसमेकर शरीरातील द्रवाच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करतो. छातीवर चिकटवलेली पट्टी ठोके मंदावल्याचे टिपते, त्वचेतून प्रकाशाचे झोत पाठवून त्याला चालू करते आणि गरज संपल्यावर तो शरीरातच विरघळून जातो. म्हणजे नोंद घेणारा संवेदक बाहेर, कधीही सोलून काढता येईल असा आहे, आणि ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. अर्थात त्या चाचण्या प्राण्यांवर आणि मृत अवयवदात्यांच्या हृदयांवर झालेल्या होत्या.