फिरबोल्गला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा तक्ता, मराठीत करायची आहे. त्यातल्या फिरबोल्ग या धिप्पाड, रानात राहणाऱ्या जमातीसाठी ‘एकलकोंडे राक्षस’ चालेल का?

उत्तर: दोन्ही शब्द टाळा. राक्षस म्हटलं की यज्ञ मोडणारा, माणसं खाणारा डोळ्यांसमोर येतो; फिरबोल्ग रानाचे राखणदार आहेत. ‘एकलकोंडा’ एकट्याने राहतो, हे कुळाने राहतात. ‘माणूसघाणा’त तिटकारा आहे, तोही यांच्यात नाही. ‘अलिप्त’ नेमका बसतो. लाकूडतोडे रानात शिरले तर फिरबोल्ग सहसा अंगावर धावून जात नाहीत. पायवाटा बदलतात, ओढ्याचं पाणी वळवतात, शिकारीची जनावरं हुसकून लावतात, कामाची हत्यारं पळवतात. माणसांनी कंटाळून आपणहून परतावं, एवढाच हेतू.

उत्तर: वर्णनात ‘अलिप्त महाकाय’ खुशाल लिहा, पण ‘प्रकार’ या रकान्यात महाकाय नको. १९८३ साली फिरबोल्ग या खेळात आला तो जायंट, म्हणजे महाकाय, म्हणूनच. पाचव्या आवृत्तीत मात्र २०१६पासून खेळाडूला घेता येणारा फिरबोल्ग ह्यूमनॉइड, म्हणजे माणसासारख्या जिवांच्या प्रकारातला, आहे. उंची ७ ते ८ फूट असूनही आकार मीडियमच, म्हणजे माणसाच्याच गटातला. फरक खेळताना जाणवतो: ‘होल्ड पर्सन’ हा जागच्या जागी खिळवणारा मंत्र फक्त ह्यूमनॉइडवर चालतो. शीटवर महाकाय लिहिलंत तर डीएम (खेळ चालवणारा) तो मंत्र लागू नाही असं धरेल आणि निकाल चुकेल.

मोठेपणा मोजला जातो तो ‘पॉवरफुल बिल्ड’ या जमातीच्या गुणात. एरवी पात्राला स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या आकड्याच्या) १५ पट पौंड ओझं नेता येतं; स्ट्रेंग्थ १६ असेल तर १६ गुणिले १५, म्हणजे २४० पौंड. फिरबोल्गला त्याच्या दुप्पट, ४८० पौंड ओझं नेता येतं. ढकलणं, ओढणं, उचलणं ९६० पौंडांपर्यंत. मोठं शस्त्र किंवा कुस्तीत जास्तीचा फायदा यातून मिळत नाही. ‘महाबली’ हे भाषांतर म्हणूनच फसवं आहे, ‘भारवाहू बांधा’ बरं.

‘हिडन स्टेप’ या अदृश्य होण्याच्या शक्तीला ‘छुपं पाऊल’ म्हणा. ‘छुपी चाल’ म्हटलं तर डावपेच वाटतो. बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) खर्चून आपल्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत अदृश्य होता येतं. हल्ला केला, डॅमेजचा (इजेचा) फासा टाकला किंवा कुणाला सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) करायला लावला की लगेच दिसू लागतो.

पुरवणी: नाव मूळचं आयरिश पुराणकथांतलं, आणि तिथले फिर बोलग महाकाय नाहीत, माणसांचीच एक जमात आहे. ग्रीसमध्ये गुलामगिरीत त्यांनी मातीच्या पिशव्या वाहिल्या, म्हणून ‘पिशव्यांचे लोक’, अशी व्युत्पत्ती त्या कथाच देतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. त्यांनी आयर्लंडचे पाच भाग पाडले, पुढे मॉय तुराच्या पहिल्या लढाईत तुआथा दे दानान ही दैवी जमात त्यांच्यावर भारी पडली. त्याच लढाईत फिर बोलगांच्या स्रेंग या योद्ध्याने तुआथा दे दानानचा राजा नुआदा याचा हात तोडला.

आयरिश उच्चारात ल आणि ग यांच्यामध्ये हलका स्वर येतो, त्यामुळे पुराणकथांबद्दल लिहिताना ‘फिर बोलग’ असं सुटं लिहावं आणि खेळातल्या जमातीसाठी ‘फिरबोल्ग’ ठेवावं. ‘फिर’ मुळातच अनेकवचन आहे. मराठीत पुल्लिंगी धरून एक फिरबोल्ग, चार फिरबोल्ग, फिरबोल्गाने, फिरबोल्गांना. स्त्रीसाठी ‘फिरबोल्ग स्त्री’ पुरे.