आई-बाबा आणि लहान मुलांसाठी शांत समुद्रकिनारा सुचवा (मुंबईहून)

कांदिवलीकर:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी आठवड्याच्या मधले चार दिवस रजा मिळतेय. सोबत आई-बाबा आणि दोन मुलं, ४ आणि ७ वर्षांची. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नकोत. अलिबाग, काशीद झालंय. तिथली गर्दी आता नको वाटते. आई शाकाहारी, बाकी सगळे मासेखाऊ. गाडी आहे, पण गणपतीपुळ्यापर्यंतचा प्रवास आईला झेपणार नाही. कुठे जावं?

माडवाडी:
दिवेआगर, डोळे मिटून. चारेक किलोमीटरचा सपाट किनारा आणि काठाला सुरूचं बन. आठवड्याच्या मधे गेलात तर सकाळी वाळूवर फक्त खेकड्यांनी घातलेली बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. मुलं तासन् तास रमतात.

राहायला रिसॉर्टपेक्षा गावातली वाडीतली घरगुती सोय बघा. अंगणात झोपाळा, वर नारळी-पोफळीची सावली. आई-बाबांची दुपार तिथेच छान जाते. फोनवरच विचारून घ्या: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराला उंबरा किती उंच. जेवण आधी सांगावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी नग सांगून ठेवा. शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत, पण काही घरांत मासे चालत नाहीत, तेही आधीच विचारा.

सुवर्णगणेशाचं दर्शन घ्याच. १९९७ साली पोफळीच्या वाडीत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोड्यात गेला आणि २०२१ मध्ये नव्याने प्रतिष्ठापना झाली. गावकऱ्यांकडून ऐका, फार जिव्हाळ्याने सांगतात.

रस्ता: माणगाव-म्हसळा मार्गे सरळ. मुलांना बोटीची मजा हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडीसकट जा, पुढे मुरूड, मग आगरदांडा-दिघी जेटीवरून परत गाडीसकट पलीकडे. वेळ जास्त लागतो, पण आईंना मधे मधे उतरून पाय मोकळे करता येतात.

चिकूवाडी:
इतकं लांब कशाला? बोर्डी बघा. बोरिवलीहून गाडी पकडून डहाणू रोड किंवा घोलवडला उतरायचं, पुढे रिक्षा. चिकूच्या वाड्या, पारशी वस्ती, निवांत गाव. ओहोटीला पाणी फार आत जातं आणि किनारा चिखलट असतो, तेव्हा डुंबायचं असेल तर नको. चालायला आणि बसायला मात्र छान.

रोठा सुपारी:
दिवेआगरला +१. एक दिवस आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनला जा, समुद्राच्या कडेकडेने जाणारा इतका देखणा रस्ता कोकणात थोडाच आहे. पुढे हरिहरेश्वरला गेलात तर देवळात दर्शन घ्या, पण खडकांवरच्या प्रदक्षिणेला आईंना आणि मुलांना नेऊ नका. वाट अरुंद, खडक निसरडे. भरतीला लाटेने माणसं ओढली गेली आहेत. स्थानिक नको म्हणाले की माघारी फिरा.

कांदिवलीकर:
मनापासून आभार, दिवेआगरच ठरवतोय. मुलांना पाण्यात नेमकं कधी सोडावं? भरती-ओहोटीचं मला काही कळत नाही.

माडवाडी:
कालनिर्णय काढा. तिथीला पाऊणने गुणा, आलेलं उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. एकादशी म्हणजे ११ ची पाऊणपट, सव्वाआठ. त्या दिवशी संध्याकाळी ५ ला पाणी चढतं असतं, तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यात खेळू द्या, तुम्ही समुद्राच्या बाजूला उभे राहून. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ५ ला ओहोटी जोरात. त्या वेळी वाळूतच किल्ला करायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ सगळ्यात जास्त, त्या दिवसांत मोठ्यांनीही गुडघ्यापुढे जाऊ नये. रोज निघण्यापूर्वी घरमालकांनाही विचारा. आणि परतीचा दिवस रविवार ठेवू नका, महामार्गावर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते.