अनुभव धागा : गल्लीत लागलेली झोनिंगची पाटी आणि आपली हरकत (ओंटारियो)

मेपलकाठ
कोपऱ्यावरच्या बंगल्यापुढे आज झोनिंग बदलाची (जागेच्या वापराचे आणि बांधकामाचे नियम बदलायची) पाटी लागली आणि २०२२चा नोव्हेंबर आठवला. त्या २८ तारखेला ओंटारियो प्रांताचा घरं वाढवायचा कायदा, बिल २३, मंजूर झाला. २०३१पर्यंत १५ लाख घरं हे प्रांताने ठरवलं आणि शहरांना आकडे वाटून दिले : टोरांटो २,८५,०००, मिसिसागा १,२०,०००, ब्रॅम्प्टन १,१३,०००. तेव्हापासून दर सभेत लोक उठून 'इथे एवढी घरं नकोत' म्हणतात आणि खाली बसतात. पण घरं किती हा प्रश्न त्या सभेपुढे नसतोच. तो वर, क्वीन्स पार्कात (प्रांताच्या विधानसभेत), ठरलेला असतो. सभेपुढे असतं ते पाणी, झाडं, सावली, गाड्यांची ये-जा. हरकत तिथे घेतली तर कागदावर टिकते. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा : काय चालतं, काय नाही, कुठे तारीख चुकते.

नकाशेवाला
आधी पाटी नीट वाचा. झोनिंग बदल असेल तर १२० मीटरच्या आतल्या मालकांना सूचना येते, सभेच्या किमान २० दिवस आधी. मायनर व्हेरियन्स (नियमातून किरकोळ सूट) असेल तर ६० मीटर आणि फक्त १० दिवस. लोकांची गडबड इथे होते, दुसरीला पहिलीसारखं धरून चालतात आणि शहराच्या प्लॅनरचा (नियोजन अधिकाऱ्याचा) अहवाल हातात येईतो सुनावणी उद्यावर असते.
व्हेरियन्सला शहराची कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट चारच गोष्टी तपासते : फरक किरकोळ आहे का, त्या जागेच्या विकासासाठी योग्य आहे का, झोनिंगच्या हेतूत बसतो का, ऑफिशियल प्लॅनच्या (शहराच्या दीर्घकालीन विकास आराखड्याच्या) हेतूत बसतो का. पत्रात हेच चार परिच्छेद करा. 'गल्लीचा स्वभाव बिघडेल' असं मोघम लिहू नका. घरामागचं मोकळं अंतर नियमात किती, मागितलंय किती, त्याने तुमच्या कोणत्या खिडकीवर काय परिणाम होतो, हे मीटरमध्ये लिहा.
आणि शेवटी एक ओळ हवीच : निर्णयाची सूचना मला लेखी पाठवावी.

पोळीभाजी
आम्ही भाडेकरू. आम्हाला कुठली सूचना? कुकर लावून आले, उत्तर द्या कुणीतरी.

नकाशेवाला
ताई, सूचना मालकाच्या नावाने जाते. झोनिंग बदलात सात किंवा जास्त घरांच्या इमारतीत मालकाने ती सगळ्यांना दिसेल अशी लावायची असते. लिफ्टजवळ बघा. बोलायला मालक असावं लागत नाही, सभेत कुणीही बोलू शकतं.

चर_आणि_उतार
पाण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि सगळ्यात कमी लोक तिथे बघतात.
दोन घरांच्या मधे जी गवताची उथळ चर असते ती शोभेची नाही. दोन्ही छपरांचं पाणी मागून पुढे रस्त्यापर्यंत न्यायला ती काढलेली असते, उतार साधारण २ टक्के. तळघरात वेगळं घर काढलं की बाजूने दार येतं, दाराला वाट लागते, आणि ती वाट काँक्रीटची, नेमकी चरीवर. पहिल्या वितळणीला बर्फाचं पाणी वाटेच्या कडेला अडतं आणि शेजारच्या भिंतीलगत मुरतं.
बिल २३नंतर एका प्लॉटवर तीन घरं हक्काने होतात. पाटी नाही, सभा नाही, सरळ बिल्डिंग परमिट. शिवाय १० घरांपर्यंत साइट प्लॅनची (जागेच्या मांडणीच्या आराखड्याची) मंजुरीही गेली. पूर्वी जिथे पाण्याचा नकाशा वेगळा तपासला जायचा ते टेबलच लहान कामांसाठी उरलं नाही. म्हणून परमिटच्या खिडकीवर ग्रेडिंग प्लॅन (जमिनीच्या उतारांचा नकाशा) मागा. हद्दीवरचे उंचीचे आकडे बघा, आत्ताचे आणि प्रस्तावित. हद्दीवर प्रस्तावित आकडा आत्ताच्यापेक्षा वर असेल तर ते पाणी तुमच्याकडे येणार. पन्हाळीचा नळ कुठे सोडलाय तेही बघा. काम सुरू व्हायच्या आधी चरीचे फोटो काढा, मोजपट्टी ठेवून. नंतर कुणाला आठवत नाही ती किती खोल होती.

मेपलकाठ
हे मोजपट्टीचं सोनं आहे. धन्यवाद.

हॅमिल्टनकडची
आमच्याकडचा, हॅमिल्टनचा, झगडा जरा वेगळा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये कौन्सिलने १३ विरुद्ध ३ मतांनी शहराची हद्द शेतीकडे न वाढवायचं ठरवलं. टपालाने घेतलेल्या मतांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्याच बाजूचे होते. वर्षभरात प्रांताने २,२०० हेक्टर वरून लादले. २०२३ मध्ये ग्रीनबेल्टचं, म्हणजे संरक्षित शेती-जंगलाच्या पट्ट्यातून जमिनी काढल्याचं, प्रकरण उघडं पडलं (१५ जागा, ७,४०० एकर, ऑडिटर जनरलचा ऑगस्टचा अहवाल), सप्टेंबरात ग्रीनबेल्ट परत करायचं जाहीर झालं आणि डिसेंबरात बिल १५०ने आमचे हेक्टरही. म्हणजे लोकांनी रेटलं तर सरकारला मागे यावं लागतं. पण तिथे गल्लीतल्या सावलीचा मुद्दा नव्हता, आत घरं बांधा आणि शेत सोडा असा होता. नुसतं नको म्हटलं नव्हतं, कुठे बांधायचं ते सांगितलं होतं. माझ्या मते फरक त्याने पडला.

पोळीभाजी
कौन्सिलने आमचं ऐकलं नाही तर पुढे अपील ना? ४०० डॉलर वगैरे ऐकलंय.

नकाशेवाला
ते आता रहिवाशांसाठी बंद. बिल १८५, ६ जून २०२४. ऑफिशियल प्लॅन आणि झोनिंगच्या निर्णयावर शेजाऱ्याला ओंटारियो लँड ट्रिब्युनलकडे (नियोजनाच्या तंट्यांच्या न्यायाधिकरणाकडे) जाता येत नाही. मायनर व्हेरियन्सचं तर बिल २३नेच गेलं होतं. दाखल असलेली, पण १० एप्रिल २०२४च्या आधी मूळ मुद्द्यांवरच्या सुनावणीची तारीख न मिळालेली शेजाऱ्यांची अपिलंही निकालात निघाली. अर्जदाराचा मार्ग मात्र उघडा आहे. हद्दवाढ नाकारली तरी ग्रीनबेल्टबाहेर त्याला अपील करता येतं. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की सभेआधीचं पत्र हीच तुमची पहिली आणि शेवटची संधी. अहवाल छापून येण्याआधी ते प्लॅनरच्या हातात पडलं पाहिजे. तीनशे जणांचं एकच साचेबंद पत्र अहवालात एका ओळीत येतं, वेगवेगळ्या मुद्द्यांची सहा पत्रं सहा ओळी घेतात.

बर्फातला_कोकणी
झाडांचंही लिहा कुणीतरी. टोरांटोत खोड जमिनीपासून १.४ मीटरवर ३० सेंमी किंवा जास्त जाड असेल तर खाजगी झाड तोडायलाही परवाना लागतो. टेपने घेर मोजा, ३.१४ने भागा. घेर साधारण ९४ सेंमी भरला की झाड नियमात आलं. झाड शेजाऱ्याचं पण मुळं तुमच्या हद्दीत, हेही चालतं, मुळांचा संरक्षित घेर नकाशावर दाखवावा लागतो.

सरीवाला
ब्रिटिश कोलंबियात याहून कडक आहे दादा. २०२३च्या बिल ४४ने, घरबांधणी ऑफिशियल प्लॅनला धरून असेल तर जाहीर सुनावणी घ्यायलाच मनाई. बिल ४७ने स्कायट्रेन (व्हँकुव्हरची मेट्रो) स्टेशनच्या २०० मीटरात २० मजले, ४०० मीटरात १२, ८०० मीटरात ८ नाकारता येत नाहीत, घरांसाठी पार्किंगची सक्तीही नाही. इथे हरकत घ्यायची तर प्लॅन घडत असतानाच, प्रकल्प आल्यावर उशीर झालेला असतो.

नवीन_पाहुणी
सगळं वाचलं. एक बाजू राहतेय. ब्रॅम्प्टनमधे एका तळघरात सहा-सहा मुलं राहतात, आपल्याकडून आलेलीही. घरं हवीत. मालक हरकत घेतात तेव्हा ही मुलं सभेत नसतात. हरकतीसोबत 'हे बदल केलेत तर आमचा पाठिंबा' असंही लिहा ना.

चर_आणि_उतार
अगदी खरं. आणि तसं पत्र प्लॅनर जास्त लक्ष देऊन वाचतो, त्याच्या हातात मंजुरीची अट म्हणून टाकायला काहीतरी येतं.

पोळीभाजी
मग तळघर बघायला जाताना काय बघायचं? भाचा येतोय सप्टेंबरात.

चर_आणि_उतार
झोपायच्या खोलीची खिडकी. उघडल्यावर मोकळी जागा ०.३५ चौरस मीटर हवी, कुठलीही बाजू ३८० मिमीपेक्षा कमी नको, आणि हत्याराशिवाय आतून उघडली पाहिजे. बाहेर खड्डा असेल तर पुढे ५५० मिमी मोकळं. स्वतः उघडून बघ म्हणावं, रंगाने चिकटलेली असतात. धुराचे अलार्म वरच्या घराशी जोडलेले आहेत का ते बटण दाबून ऐकायचं, खाली दाबलं की वर वाजला पाहिजे.

पोळीभाजी
लिहून घेतलं. शिट्टी झाली, येते.