बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड गटात, जो जड, त्याचाच ठोसा जड?

कृष्णाकाठ: काल विश्रामबागला चहाच्या गाड्यावर यावरून जुंपली. एक जण ठामपणे म्हणाला, "वजन म्हणजेच ठोसा, बाकी सगळं कौतुक." मला नाही पटत. एका मर्यादेपर्यंत वजनानं ठोसा वाढतो, त्यापुढं वाढतं ते नुसतं वजन.

१९१९ साली जॅक डेम्प्सी ८५ किलोचा, समोर जेस विलर्ड १११ किलो आणि साडेसहा फूट. पहिल्याच राउंडला विलर्ड सात वेळा खाली. उलट निकोलाय वालुएव बघा, सात फूट, १४३ किलो. २००९ ला ९८ किलोचा डेव्हिड हे त्याच्याभोवती बारा राउंड फिरला आणि किताबाचा पट्टा घेऊन गेला. शेवटच्या राउंडला डगमगला तोही वालुएवच.

आमच्या जिमची बॅग चिंध्यांची आहे, तळाला गच्च बसलेली. १०४ किलोचा गडी मारतो तेव्हा ती झोपाळ्यासारखी लांब जाते, साखळी कुरकुरते. ७० किलोचं एक पोरगं मारतं तेव्हा बॅग फारशी हलत नाही, पण मधोमध खड्डा पडतो आणि आवाज असा येतो की बाहेरचा कुत्रा उठतो. पहिला ढकलतो, दुसरा मारतो.

तालमीतला: डेम्प्सी काढलास म्हणजे शंभर वर्षं मागं गेलास राव. विलर्ड ३७ वर्षांचा होता, तीन वर्षं किताबासाठी लढलाच नव्हता. अलीकडचं बोल. टायसन फ्युरी २०१८ ला ११६ किलोचा होता तर डिऑन्टे वाइल्डरशी बरोबरी. २०२० ला १२४ किलोचा होऊन आला, सातव्या राउंडला वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला, म्हणजे हार मानली. आणि वजनगट काय उगाच केलेत? आपल्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते ५७ किलोत. त्यांना कुणी हेवीवेटशी भिडवलं नव्हतं.

कृष्णाकाठ: २०१८ ला ९६ किलोच्या वाइल्डरनं त्याच फ्युरीला दोनदा खाली बसवलं, ते सोयीनं विसरलास. २०२० ला फ्युरी अंगावर रेलून रेलून त्याला दमवत होता. ते वजनाचं काम, मान्य. पण ते ठोशाचं नव्हे. कुस्तीत वजन अंगावर घालता येतं. ठोशात चवडा, कंबर, खांदा यांतून जेवढं वेळेवर मुठीपर्यंत पोचतं तेवढंच कामाला येतं.

मिरज_पॅसेंजर: शाळेत फिजिक्स शिकवतो म्हणून मध्ये तोंड घालतो. ऊर्जेच्या सूत्रात वस्तुमान साधं येतं, वेगाचा वर्ग होतो. म्हणजे हात थोडा वेगवान झाला तरी फायदा जास्त. पण संवेग काढलात तर दोघांना सारखाच मान.

तालमीतला: सर, वेगाचाच वर्ग करायचा तर आमच्या आज्जीची चापट ऑलिंपिकला पाठवूया. खाणाऱ्याचंही बघा की. जाड मानेवर डोकं कमी हलतं. म्हणून सारखाच ठोसा हलक्याला झोपवतो आणि जडाला नुसता खाजवतो. हेवीवेटला वर मर्यादाच नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ९०.७ किलोच्या वरचे बहुतेक सगळे एकाच हौद्यात, ९५ चाही आणि १२५ चाही. तिथं हलक्यानं काय करायचं?

कृष्णाकाठ: उसिकनं केलं ते. खालच्या गटातून आलेला माणूस. २०२४ ला १०१ किलोचा, फ्युरी ११९ चा. जिंकला.

तालमीतला: गुणांवर! झोपवलं कुठं? तूच माझा मुद्दा सिद्ध केलास.

कृष्णाकाठ: नवव्या राउंडला फ्युरी दोरावर आदळत होता, रेफरीनं आकडे मोजले, तेव्हा चहा आणायला गेलता काय?

तालमीतला: मोजले, पण पडला नाही. बरं, रविवारी तुझं ते ७० किलोचं पोरगं आण. मी पॅड धरतो.

कृष्णाकाठ: धर. मनगटाला पट्टी बांधून ये तेवढी. मागच्या खेपेला ज्यानं पॅड धरलं, त्याला चार दिवस दुधाची किटली उचलता येत नव्हती. तोही ९० च्या वरचाच होता.